पुंजारामाचा गुप्त शिक्का

धामणकुंड नावाच्या गावात एक भोळा कारकून होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गाव त्याला दुसऱ्या शब्दाने ओळखायचं, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही.

त्याचं नाव पुंजाराम तरटे. गावच्या सरकारी दवाखान्यात तो केसपेपरच्या खिडकीत बसायचा. त्याआधी तो ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावरून नळाला पाणी कधी सुटणार ते सांगायचा. आवाज खणखणीत, म्हणून त्याला दवाखान्यात घेतलं. अक्कल कुणी तपासली नाही. तसा रकानाच अर्जात नव्हता.

कर्ण्याची सवय सुटली नाही. खिडकीतून तो नावाबरोबर दुखणंही पुकारायचा. शेवंताबाई, जुलाब, आत या. म्हादू पाटील, खरूज, जरा लांब बसा. दुखत नसलं तरी माणसं ऐकायला येऊन बसत.

त्याच गावात द्वारकाबाई होती. घरोघर फिरून बायकांना बांगड्या भरायची. दोन वर्षांपूर्वी तिचा घसा सुजला म्हणून तालुक्याला कुणीतरी तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, आणि बाई मरता मरता वाचली. अंग निळं पडलं, श्वास अडकला, चार दिवस तिथेच पडून होती. पुन्हा ते औषध अंगात गेलं तर उठणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. धामणकुंडच्या डॉक्टर कुलथे मॅडमनी तिच्या केसपेपरवर लाल शाईने लिहून ठेवलं, 'पेनिसिलिन देऊ नये.' पुंजारामाने तेही पुकारलं. त्यामुळे ते गावातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक झालं. खरं सांगायचं तर द्वारकाबाई तेव्हा सगळ्यांत सुखरूप होती.

मग जिल्ह्याहून बोडखे साहेब आले. त्यांच्याकडे सात पानांचं परिपत्रक होतं. ते त्यांनी स्वतः वाचलेलं नव्हतं, पण मोठ्याने वाचून दाखवलं. रुग्णाचं नाव आणि त्याचा आजार, दोन्ही एकत्र कुणाच्याही हाती लागता कामा नयेत. लागले तर कारवाई. एवढं बोलून साहेबांनी चहा घेतला आणि गाडीत बसले.

पुंजारामाला पटलं. त्याला सगळंच पटायचं, तेच तर दुखणं होतं.

त्याने दवाखान्यातली बँडेज कापायची कात्री घेतली आणि चार हजार केसपेपर मधोमध कापले. नावाचे अर्धे निळ्या कपाटात, आजाराचे अर्धे हिरव्या कपाटात. दोन्ही कपाटांना कुलपं. दुसऱ्या दिवशी मॅडमना हिरव्या कपाटात एक कागद सापडला. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, 'पेनिसिलिन देऊ नये.' कुणाला ते लिहिलेलं नव्हतं.

द्वारकाबाई खिडकीशी आली आणि आपला कागद कुठे आहे म्हणून विचारू लागली.

"मावशी, अर्ध्या तुमी निळ्यात हाय," पुंजाराम म्हणाला. "अर्ध्या हिरव्यात. काळजी करू नका, दोन्हीला कुलूप हाय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. आठवडाभर सगळं गाव चिकटपट्टी घेऊन आपापला दुसरा अर्धा शोधत बसलं. ज्यांना आपला मिळाला नाही त्यांनी बरा दिसणारा उचलला. द्वारकाबाईचा कागद मॅडमनी स्वतः नव्याने लिहिला आणि पुंजारामाला बजावलं की कागद कापायचा नाही. अख्खा ठेवायचा, आणि तो गुप्त आहे हे वरूनच कळलं पाहिजे.

पुंजारामाला पटलं. त्याने तालुक्याहून एक शिक्का करून आणला. तळहाताएवढा. त्यावर एकच शब्द, 'गुप्त'. जांभळ्या शाईत बुडवून तो त्याने प्रत्येक केसपेपरवर हाणला.

आता उपचार चालू असेपर्यंत आपल्याकडे केसपेपर रोग्याच्या हातात असतो. तो हातात धरूनच माणूस बाजारातून घरी जातो. आणि दवाखान्याच्या कागदावर गुप्त हा शब्द दिसला की पुढचा शब्द कोणता, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही सांगावं लागत नाही. एसटी स्टँडच्या मुतारीत तो भिंतभर लिहिलेला असतो.

चार दिवसांत सगळ्या गावाला गुप्तरोग झाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे रामलिंग गुरुजी मोतीबिंदूला गेले होते. त्यांच्या बायकोने कागद पाहिला आणि त्यांचं अंथरूण ओट्यावर टाकलं. गुरुजी मनातून जरा खूश झाले असं म्हणतात, पण ते सोडा. सुताराच्या हणमंताला कुत्रं चावलं होतं. सोयरीक पक्की करायला आलेल्या पाहुण्यांनी कोनाड्यातला त्याचा कागद पाहिला आणि चहा अर्धा टाकून ते उठले.

सगळ्यांत वाईट झालं द्वारकाबाईचं. हात हातात धरायचा हाच तिचा धंदा. तिच्या हातात शिक्क्याचा कागद पाहिला आणि बायकांनी हात पदराखाली घेतले. शिवाय शिक्का पडला होता नेमका लाल ओळीवर. जांभळ्याखाली लाल बुडालं. पेनिसिलिनमधलं एक 'पे' तेवढं वर राहिलं.

द्वारकाबाई भांडली नाही. ती माळेगावच्या जत्रेला गेली, गोंदणाऱ्यासमोर बसली, आणि उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदवून आली, 'मी द्वारका. पेनिसिलिन देऊ नका. मरेन.' कागदाचं काही खरं नाही, आता कातडी कोण कापतंय बघते, असं ती गावभर सांगत फिरली. धामणकुंडात त्या वर्षी शहाणपणाचं काम एवढं एकच झालं आणि ते जत्रेत झालं.

मॅडमनी शिक्का कपाटात ठेवायला लावला आणि पुंजारामाला पुन्हा समजावलं. रोग्याची माहिती रोग्याच्या मालकीची असते. ती कुणालाही दाखवण्याआधी त्याची संमती घ्यायची. वहीत अंगठा घ्यायचा.

पुंजारामाला पटलं. त्याने वही आखली. एक रकाना नावाचा, एक अंगठ्याचा.

दुसऱ्याच दिवशी भिवा लोहाराला उन्हाने भोवळ आली. त्याला बेशुद्ध आणला. मॅडम कागद मागत होत्या आणि पुंजाराम भिवाच्या कानाशी तोंड नेऊन संमती विचारत होता. भिवा काही बोलेना. मॅडम ओरडल्या की बेशुद्ध माणूस संमती देत नसतो, अशा वेळी जवळच्या माणसाची घ्यायची.

पुंजारामाने पाहिलं. भिवाची बायको दारात रडत होती, ती आठ पावलांवर. सलूनवाला दगडू भिवाला खांद्यावरून घेऊन आला होता, तो दोन पावलांवर. जवळचा माणूस दगडू. पुंजारामाने त्याला कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, मग अंगठा घेतला आणि मग कागद मॅडमना दिला. भिवाला काय काय आहे ते संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक हनुवटीला कळलं.

अशात तपासणीचा दिवस आला. साहेब लोकांची अक्कल बघा. परिपत्रक दवाखान्यात नीट पाळलं जातं का ते पाहायला बोडखे साहेब धामणकुंडात आले, आणि ते कसं पाळावं हे शिकायला मॅडमना त्याच दिवशी जिल्ह्याला बोलावलं. दवाखान्यात शेजारच्या गावचे एक नवे डॉक्टर आणि त्यांची नर्स आणून बसवली. दोघांनाही इथलं कोणीच ठाऊक नव्हतं.

साहेबांनी आधी पुंजारामाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात स्वतःचा एक केसपेपर काढायला लावला. मूळव्याध. सात वर्षांची. मग आवाज चढवून म्हणाले, कुणाचीही माहिती उघड्यावर दिसली तर तुझी खैर नाही.

तेवढ्यात द्वारकाबाईला बाजेवर घालून आणलं. पायात काच घुसून जखम चिघळली होती. अंगात ताप, शुद्ध नाही. डॉक्टरांनी जखम पाहिली, नर्सला पेनिसिलिन भरायला सांगितलं आणि जुना कागद मागितला. कागद आला. त्यावर ठळक लिहिलेलं होतं, 'गुप्त'. बाकी काही लागेना.

पण हात होता. उजवा हात बाजेवरून खाली लोंबत होता आणि त्यावर सगळं लिहिलेलं होतं.

तो हात सगळ्यांत आधी पुंजारामाला दिसला. नावासकट. आजारासकट. आणि साहेब चार पावलांवर.  पुंजारामाने बँडेजचं भेंडोळं घेतलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात गच्च गुंडाळला. शेवटी कपाटातून शिक्का काढून वर एक हाणला.

"हाताला काय झालंय हिच्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते सांगता येत नाय," पुंजाराम म्हणाला.

"भाजलंय का?"

"ते बी सांगता येत नाय."

साहेबांनी मान डोलावली. असा एकेक कर्मचारी पाहिजे, असं ते वहीत लिहू लागले. नर्सने सुई भरून आणली. आधी थोडं टोचून बघू, डॉक्टर म्हणाले. द्वारकाबाईला थोडंही पुरेसं होतं. मात्र डॉक्टर अगदीच बिनडोक नव्हते. पट्टीखाली काय आहे ते बघितल्याशिवाय सुई लावणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

पुंजाराम म्हणाला, संमती लागेल. जवळचा माणूस कोण ते त्याने पाहिलं. जवळ साहेब होते. त्याने वही पुढे केली. साहेब झटकन मागे सरले आणि भिंतीला टेकले. सही करायला सांगणं निराळं आणि सही करणं निराळं, हे ज्याला कळतं त्यालाच साहेब करतात. मग डॉक्टरांची वेळ आली. मी आजच्या दिवसापुरता आहे, डॉक्टर म्हणाले, आणि पट्टी राहू दे म्हणत चिडून सुई उचलली.

आता उरली द्वारकाबाईच. पुंजारामाने तिचा डावा हात धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि तिला गदागदा हलवलं.

"मावशी, संमती हाय का? मावशी, हाय का संमती?"

कर्ण्यावर पाणी सोडायचाच आवाज तो. मेलेला माणूसही कळशी घेऊन उठला असता. द्वारकाबाईने डोळे उघडले. तिला सुई दिसली, मग पट्टी दिसली, मग पुंजाराम दिसला. तिने तो शाईचा हात उचलला आणि त्याच्या गालावर अशी काही लावली की बाहेर बाजेवाल्यांनी माना वळवल्या.

"मुडद्या, माझा हात झाकतो व्हय? पेनिसिलिन हाय का रं त्या सुईत?"

डॉक्टरांनी सुई ठेवली.  दुसरं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण पायासाठी द्वारकाबाईला अजून आठवडाभर दवाखान्यातच ठेवलं. पुंजारामाच्या गालावर पाच जांभळी बोटं उमटली आणि ती काही धुऊन जाईनात.

मॅडम परत आल्या. सगळं ऐकलं. मग पुंजारामाला समोर उभा केला. एक बाई तुमच्यापायी मेली असती, त्या म्हणाल्या. जे कळलं नाही तर जीव जातो ते झाकायचं नसतं. उद्या मी नसले तरी नव्या माणसाला ते दारातच दिसायला हवं.

"भिंतीवर लिहून ठेवा हवं तर," मॅडम म्हणाल्या. "पण दिसू दे."

पुंजारामाला पटलं.

मधे रविवार आला. गाव बाजाराला गेलं होतं. सोमवारी बोडखे साहेब माहितीच्या गुप्ततेबद्दल दवाखान्याला प्रशस्तिपत्र द्यायला आले, सोबत हार आणि फोटोवाला. गाडीतून उतरले आणि तिथेच थांबले. गाव आधीच जमलं होतं. दवाखान्याची रस्त्याकडची सगळी भिंत पांढरीशुभ्र रंगवली होती आणि तिच्यावर हातभर अक्षरांत ओळी काढल्या होत्या. पहिली ओळ मानाची. 'मा. बोडखे साहेब, मूळव्याध, सात वर्षे.' त्याखाली रामलिंग गुरुजी, त्याखाली भिवा लोहार, म्हादू पाटील, शेवंताबाई. दोनशे बारा माणसं. ज्यांना वाचता येत होतं ते ज्यांना येत नव्हतं त्यांना वाचून दाखवत होते. साहेबांच्या हातातलं प्रशस्तिपत्र फोटोवाल्याने काढून घेतलं, नाहीतर ते पडलं असतं.

 मॅडम भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवत चालल्या. मग परत आल्या. पुन्हा एकदा गेल्या.

"पुंजाराम, ह्या लोकांची संमती घेतलीत?"

"घेतली तर. सगळे बाजाराला गेलेले. जवळ रंगारी होता. त्यानं दोनशे बारा अंगठे दिले."

"आणि द्वारकाबाईंचं नाव कुठे आहे?"

पुंजारामाने मान खाली घातली. हे मात्र आपल्या हातून राहिलं, असं त्यालाही मनापासून वाटत होतं. त्याने काखेतली वही काढून उघडली, एका रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने गाल चोळला.

"मावशी हितंच खाटेवर होत्या, शुद्धीत. मंग त्यांचीच संमती लागती, म्हणून काल इचारली. पर मॅडम, वहीत जागा एका बोटाची हाय. त्यांनी पाच दिली."