तिसरी हाक

कृतयुग उताराला लागले होते, माणसाचे आयुष्य अजून दीर्घ होते आणि देवांचे पृथ्वीवर येणे-जाणे थांबले नव्हते, त्या काळी विंध्याच्या दक्षिण उतारावर, वेत्रा नामक नदीच्या तीरी एका मुनीचा आश्रम होता. मुनीचे नाव मी यथावकाश सांगेन, कारण सारा अनर्थ त्या नावापायीच घडला.

इतर ऋषी स्वर्ग मागत, पुत्र मागत, पर्जन्य मागत. या मुनीला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: 'मी' म्हणून जो आत बसला आहे, तो देहावाचून उरतो का, आणि उरलाच तर किती उरतो. बारा वर्षे प्राणनिरोध केल्यावर एका माध्याह्नी तो मस्तकातून अलगद बाहेर पडला. पर्णकुटीच्या आढ्यापाशी तरंगत त्याने खाली पाहिले, तर मृगाजिनावर एक हाडकुळा म्हातारा बसला होता. त्याच्या दाढीत दर्भाची काडी अडकली होती आणि तोंड किंचित उघडे होते. हा आपणच, हे कळायला त्याला बराच वेळ लागला, आणि कळल्यावर थोडी लाजही वाटली.

पुढे तो नित्य जाऊ लागला, दिवसागणिक अधिक दूर. जाताना क्षुधा गळून पडे, मग शीतोष्ण, मग भय, आणि सर्वांत शेवटी दया. दया गळाली तेव्हा आपल्याला परमसिद्धी लाभली असे त्याला वाटले. मला विचाराल तर तिथेच त्याचे चुकले. मात्र सारे झडले तरी एक गोष्ट कुसळासारखी चिकटून राही. ती म्हणजे स्वतःचे नाव. हा शोध लागताच त्याने शिष्यगणाला यज्ञशाळेत बोलावले.

"वत्सांनो, मी दूर असताना मेघगर्जना मला ऐकू येत नाही, तुमचा वेदघोषही येत नाही. संकट आलेच, तर माझ्या कानाशी माझे नाव तीन वेळा उच्चारा. पहिल्या हाकेला मी वळेन, दुसरीला देहापाशी पोचेन, तिसरीला आत शिरेन."

सर्वांनी हात जोडून माना डोलावल्या. षट्शास्त्रे कोळून प्यालेले ते विद्वान. पण शिष्याने गुरूचे नाव घ्यायचे नसते आणि पत्नीने पतीचे, मग आश्रमात ते नाव घेणार कोण, हा प्रश्न त्यांच्यापैकी एकालाही पडला नाही. मुनीची पत्नी आर्जवी हिला तो नक्की पडला असता, पण ती पाकशाळेत होती आणि तिला कोणी बोलावलेच नव्हते.

त्याच सुमारास वज्रोदर नामक असुर उन्मत्त झाला होता. 'तुझा मृत्यू तुझ्याच हातून होईल, परक्या हातून कदापि नाही,' असा वर त्याने ब्रह्मदेवाकडून मिळवला होता. आणि स्वतःवर हात कोण उगारतो, म्हणून तो निर्धास्त होता. एके दिवशी, मुनी ध्यानात दूर गेला असता, हा असुर ससैन्य आश्रमात घुसला. गोठे पेटले, यज्ञवेदी उखडली गेली, हरिणी खुरांखाली चिरडल्या.

"तुमचा गुरू देह सोडून संचार करतो म्हणे," वज्रोदर गरजला. "ती विद्या मला हवी आहे. निद्रिस्त इंद्राच्या देहात शिरून मी त्याच्याच सिंहासनावर बसेन. उठवा त्याला."

ज्येष्ठ शिष्य शौल्बायन पुढे झाला. "असुरराज, गुरुवर्य केवळ त्यांच्या नावाने जागे होतात."

"मग घे नाव."

"गुरूचे नाव शिष्याच्या जिव्हेवर येत नाही."

वज्रोदराला ही टवाळी वाटली. त्याच्या खड्गाच्या एका घावासरशी शौल्बायनाचे शीर वेदीवर पडले. दुसऱ्या शिष्याला विचारले, त्याने तेच उत्तर दिले. त्याला शूलावर उचलले. तिसऱ्याचे हात तोडले, चौथ्याला जिवंत अग्निकुंडात लोटले. नाव प्रत्येकाला ठाऊक होते आणि प्रत्येकजण ते गिळून मेला.

आणि मुनी हे सारे पाहत होता. अंतराळातून त्याला आश्रम तळहाताएवढा दिसत होता. शौल्बायनाचे शीर पडले तेव्हा त्याच्या मनात आले, रक्ताचा रंग जास्वंदीपेक्षा गडद असतो. त्याहून अधिक काही आले नाही.

एवढ्यात नावावरून चाललेला हा संहार ऐकून आर्जवी पाकशाळेतून मुसळ घेऊन धावत आली. आडव्या आलेल्या असुराचा जबडा तिने फोडला, दुसऱ्याचा गुडघा मोडला आणि पतीच्या देहापाशी जाऊन ती म्हणाली, "आर्यपुत्र, उठा." ती हाक कुठेच पोचली नाही, जगात आर्यपुत्र पुष्कळ होते. तेव्हा तिने डोळे मिटले, चाळीस वर्षांच्या संसारात कधी न उच्चारलेले ते नाव ओठांवर आणले आणि त्याच्या कानाशी म्हटले, "उदर्चि."

अंतराळात मुनी थबकला आणि वळला.

"उदर्चि," ती पुन्हा म्हणाली, आणि तो देहापाशी पोचला. तिसऱ्यांदा तिने तोंड उघडले, तोच वज्रोदराचे खड्ग तिच्या कंठावर पडले. नाव अर्धे राहिले.

अर्ध्या हाकेने अर्धाच देह जागा झाला. कमरेखाली काष्ठ, आणि कमरेवर भूक, उष्मा, भय, दया सारे एकदम परतले. पत्नीचे उष्ण रक्त त्याच्या छातीवरून ओघळत होते. मघाशी न झालेला प्रत्येक शिष्याचा शोक आता त्याला एकाच वेळी झाला. तो हातांवर सरपटत तिच्यापाशी गेला, तिचे मस्तक मांडीवर घेतले, आणि त्या मांडीला त्याचा भारही जाणवेना, म्हणून तो मोठ्याने रडला.

"रडणे पुरे," वज्रोदर म्हणाला. "विद्या दे."

"देतो," मुनी म्हणाला. "समोर बैस. डोळे मीट. श्वास पूर्ण सोड."

लोभी असुराने श्वास सोडला आणि त्या रिकाम्या जागेत मुनी शिरला. आपल्याला परत बोलावणारे आता कोणी उरले नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. वज्रोदर उठला आणि स्वतःच्याच सैन्यावर तुटून पडला. सेनापती उभे चिरले गेले, हत्तींची गंडस्थळे फुटली, पळणाऱ्यांच्या पाठीत शूल रुतले, वेत्रेचे पाणी तांबडे झाले. आतला असुर आक्रोश करीत होता. पण हात मुनीच्या इच्छेने चालत होते. शेवटी त्या हातांनी वज्रोदराचेच केस धरले, खड्ग फिरवले, आणि ब्रह्मदेवाचा वर अक्षरशः खरा झाला.

धूर खाली बसल्यावर हंसारूढ ब्रह्मदेव प्रकटला. मुनीचा देह तोवर थंड झाला होता, आणि मुनी आर्जवीच्या कलेवरापाशी घोटाळत होता.

"तू देहमुक्त झालास," ब्रह्मदेव म्हणाला. "जन्मभर हेच शोधत होतास. चल."

"भगवन्, देहाबाहेर काय आहे ते मी पाहिले. तिथे माझी पत्नी मरताना मला फक्त रंग दिसला असता. मला मोक्ष नको, वर हवा. निद्रेत, मूर्च्छेत वा ध्यानात जो देहापासून दूर गेला असेल, त्याला स्वजनाची एक हाक पुरावी. तीन नकोत. आणि नाव घेणाऱ्याला दोष लागू नये."

"तथास्तु. आणि तू?"

"माझी तिसरी हाक अर्धी राहिली आहे. मी थांबतो."

म्हणूनच ढगांच्या गडगडाटाने न हलणारा माणूस, घरच्या कुणी हलकेच नाव घेतले की डोळे उघडतो. वेत्रेच्या तीरी भर माध्याह्नी जाणारे वाटसरू त्या मुनीची कणव येऊन 'उदर्चि' असे तीनदा पुकारतात. तिसऱ्या हाकेला वारा पडतो, कोणीतरी वळून पाहिल्यासारखे वाटते. आणि आवाज तिचा नाही हे कळून तो पुन्हा पाठ फिरवतो.