वल्ह्याला लावलेला कान

“जाळं चुकलं असेल, आजी. माझा कान चुकत नाही.”

“जाळं पन्नास वर्षांत चुकलं नाही. तुझा कान होडीत बसला आणि चुकायला लागलं होय?”

जाळं पुन्हा रिकामंच वर आलं होतं. खाडीच्या मुखाशी सकाळचं धुकं इतकं दाट, की होडी पाण्यावर आहे की धुक्यावर, कळत नव्हतं.

आवडा तांडेल घोळ मासे ऐकून धरायची. वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं, दांडा कानाला लावायचा. खाली मासे घुमत असले तर लाकडातून ऐकू येतात.

समोर विश्राम. आठ वर्षं गाणं शिकलेला, टाळ्यांची सवय लागलेला. त्याच्या बुवांनी तंबोरा काढून घेतला होता. म्हणाले, “तुला ऐकू येत नाही. येतं असं आवडाबाई म्हणेल, तेव्हा परत ये. नाहीतर येऊ नकोस.”

आज तिसरा दिवस.

“मंद्र पंचम होता. त्या खारफुटीपाशी. मी बोट दाखवलं ना?”

“दाखवलंस. तिथे चिखल आहे.”

“तुम्हाला सुरातलं काय कळतं?”

“काही नाही. मला मासळी लागते.”

“मग तुम्हीच ऐका.”

तिने दांडा कानाला लावला. डोळे मिटले. धुक्यात कुठेतरी एक बगळा ओरडला आणि गप्प झाला…

“काय ऐकू येतंय?”

“तुझा अंगठा.”

विश्रामने खाली पाहिलं. पायाचा अंगठा फळीवर ताल धरून होता. बसल्यापासून.

आवडाने आपला ओला पंजा त्या अंगठ्यावर ठेवला. दुसऱ्या हाताने वल्हं त्याच्याकडे दिलं.

…

विश्रामने दांडा कानाला लावला. आधी स्वतःचाच श्वास. मग तोही नाही. किती वेळ गेला, धुक्याला ठाऊक.

मग ते आलं. शेजारच्या खोलीत खूप माणसं झोपेत एकदम कुशीवर वळावीत, तसं.

त्याने त्याला सुराचं नाव दिलं नाही.

“कुठे टाकू जाळं?”

विश्रामने बोट उचललं. ते हवेत थोडं फिरलं, आणि मांडीवर येऊन पडलं.

“सगळीकडून येतंय, आजी… मला नाही सांगता येत.”

“म्हणजे आपल्या खालीच आहेत.” आवडाने जाळं तिथेच, होडीच्या कडेला, हलकेच सोडलं.

“परत गेलास की तुझ्या बुवांना हेच सांग.”