पाट्यावर घासलेलं चाक

गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आईशप्पथ. मी स्वतः तिथे ओसरीवर बसलो होतो. म्हणजे तसा नव्हतो. पण होतो असं धरून चला, नाहीतर सांगण्यात मजा नाही.

"चाकं झिजली की बर्फावर पाठवीन, असं तुम्हीच म्हणाला होतात ना, मास्तर?"

धुमाळ मास्तर लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हणालो असेन."

"झिजली!"

मनालीने चारही चाकं त्यांच्या पुढ्यात ओतली. रोलर स्कीची जुनी चाकं. दोन्ही पायांत हातभराहून लांब अशी एकेक पट्टी, तिच्या पुढे-मागे एकेक रबरी चाक, हातात दोन काठ्या, आणि बर्फ नाही म्हणून खाली डांबर. यवतेश्वरच्या घाटात या पोरीच्या पुढे कुणी जात नसे, आणि ही बातमी गावाला तीच देई. नाव मनाली, पण बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या किसणीवरचा.

हिमाचलातल्या बर्फावरच्या शिबिराला नावं कळवायची मुदत आज संपत होती. नाव मास्तरांनीच कळवायचं होतं.

मास्तरांनी एक चाक उचलून उजेडात धरलं. आतल्या अंगाला उतरतं झिजलेलं. दुसरं तसंच. तिसरंही.

चौथं मात्र त्यांनी बोटांत बराच वेळ फिरवलं.

"हे कुठल्या रस्त्यावर झिजलं?"

"घाटातच की."

"घाट तिरका झिजवतो. हे तर भाकरीसारखं चहूबाजूंनी थापलंय, आणि बाकी तिघांहून लहान…"

मनाली पायाच्या अंगठ्याने फरशी घासू लागली. मास्तरांनीच विचारलं,

"कानस?"

"…पाटा."

"आई काही बोलली?"

"चटणीला रबराचा वास येतोय म्हणाली."

मास्तरांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसले नाहीत. मनालीला वाटलं, संपलं. डोळे मिटले की जे पांढरंशुभ्र समोर पसरायचं, ज्याच्यापायी जेवताना घास हातातच राहून ऊठसूट बोलणी खावी लागायची, ते सगळं त्या पाट्यावरच वाटलं गेलं.

"तीन झिजली, हे एक हटून बसलं," ती पुटपुटली. "मला थांबवेना, मास्तर."

"ते पाट्यालाही कळलं असणार."

ते उठले. ओसरीच्या कट्ट्याला हातड्रिल आवळून बसवलं. त्याच्या तोंडात बोल्ट, बोल्टवर चाक, आणि तिच्या हातात पॉलिश पेपर.

"घास. चारही सारखी कर."

"त्यापेक्षा या चौथ्यावरच थोडं रबर चढवलं तर?"

"झिजलेलं भरून येत नाही. बाकीच्यांनी त्याच्याएवढं व्हायचं."

"म्हणजे चांगली तीन मी हाताने बारीक करू?"

"पट्टी लंगडायला नको असेल तर."

मनाली घासत बसली. नाकात काळी पूड, बोटांना चटके. मधेच चाक फरशीवर उभं करायचं, दुसऱ्याशेजारी लावून बघायचं, पुन्हा ड्रिलवर चढवायचं. मास्तर लसूण संपवून कांद्याकडे वळले होते. घाटातली फुशारकी तिने आज एकदाही मारली नाही.

चारही चाकं फरशीवर एका उंचीची उभी राहिली तेव्हा ऊन कललं होतं.

"मास्तर… माझं नाव?"

"सकाळीच कळवलं."

"सकाळी? मग हे सगळं कशासाठी घासायला लावलंत?"

"बर्फ वितळतो, बाई. मग पुन्हा घाटच."

तिला रडू आलं की हसू, तिचं तिलाच कळेना. मास्तर काश्मीरला राहून बर्फावरचं शिकून आलेत, असं गावात सगळेच म्हणत. मास्तरांनी कधी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. मग तिने, इतकी वर्षं जीभ रेटली नव्हती ते, विचारून टाकलं.

"पायाखाली पहिल्यांदा बर्फ येतो तेव्हा कसं वाटतं हो?"

मास्तर म्हणाले, "सावरीच्या कापसावरून चालावं, आणि दर पावलाला कापसाने हळूच आपलं नाव घ्यावं, तसं."

हे वाक्य तेवढं माझ्या पदरचं. मास्तर असं काही बोललेच नाहीत. त्यांनी पट्टीवर बसवलेल्या चाकाला बोट लावून ते फिरवलं, आणि थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले…

मग म्हणाले, "जाऊन ये. आणि मला सांग."