तात्यांचा छुपा पहारा

सन दोन हजार तेरा, मार्गशीर्ष महिना. उसाचं गळीत सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. साखर कारखान्याच्या धुराड्याखाली कोरेवाडी नावाचं गाव आहे. तिथं भिकाजी शेडगे नावाचे एक म्हातारे राखणदार राहत. गाव त्यांना तात्या म्हणे.

तात्यांनी कारखान्याच्या गेटावर एकतीस वर्षं पहारा केला. शिक्षण चौथीपर्यंत. पण त्यांच्या नोकरीत गेटातून साखरेचं एकही पोतं चोरीला गेलं नाही. हे ते स्वतः सांगत, आणि ते खरं होतं. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी अंगातला खाकी सदरा उतरला नव्हता.

पहाऱ्याचे त्यांचे दोन नियम होते. ज्या गेटानं माल बाहेर गेला, त्याच गेटानं तो परत आला पाहिजे, हा पहिला. दुसरा छुप्या पहाऱ्याचा. एक राखणदार दारावर उभा करायचा, दुसरा अंधारात बसवायचा, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. मग संगनमत होत नाही.

"सांगून केलेली राखण ही राखणच नव्हे," असं ते म्हणत.

मुलगा फौजेत होता. घरात तात्या आणि सून कल्पना, दोघंच. कल्पनाकडे एक कॉम्प्युटर होता. त्यावर ती शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देई. तो कॉम्प्युटर बसवला शोभानं. शोभा म्हादू लोहाराची मुलगी. बापानं जन्मभर गावाची कुलपं दुरुस्त केली, लेक गावाचे कॉम्प्युटर दुरुस्त करी. एसटी स्टँडासमोर तिचं एका खणाचं दुकान होतं.

शोभानं कॉम्प्युटरमध्ये अँटिव्हायरस घातला. तात्या मागं उभे राहून बघत होते.

"हे काय घातलंस?"

"राखणदार हाय, तात्या. बाहेरचा व्हायरस आत येऊ देत न्हाई. आलाच तर धरतो."

"एकच?"

"एकच लागतो."

एवढ्या मोलाच्या वस्तूला एकच राखणदार, हे तात्यांना पटलं नाही.

पुढच्या गुरुवारी ते तालुक्याच्या बाजाराला गेले. एका दुकानात दुसऱ्या कंपनीच्या अँटिव्हायरसची सीडी मिळाली. कुठं कुठं दाबायचं ते दुकानदारानं कागदावर लिहून दिलं. कल्पना गिरणीत दळण घेऊन गेली, तेव्हा तात्यांनी कागद समोर धरला आणि दुसरा राखणदार कॉम्प्युटरमध्ये बसवला. सीडी ट्रंकेत ठेवली. कुणाला सांगितलं नाही. छुपा पहारा तो छुपा पहारा.

दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर बिघडला. पडद्यावर लाल पाटी येई. पाटीवर लिहिलेलं असे, 'संरक्षण बंद पडले आहे.' कल्पना पाटी घालवी, ती पुन्हा येई. एक पान उघडायला चहा उकळेपर्यंत वेळ लागे.

शोभा आली. तिनं आत बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कल्पनाला विचारलं, "वहिनी, दुसरा अँटिव्हायरस कुणी घातला?"

"कुणी न्हाई बाई. मी तर हातबी लावला न्हाई."

"मग कशाबरोबर तरी आपोआप आला असंल. येतात तसे." तिनं तो काढून टाकला. कॉम्प्युटर सुरळीत झाला. अंगणात बसलेल्या तात्यांना यातलं काही कळलं नाही.

संध्याकाळी तात्यांनी आपला राखणदार जागेवर आहे का ते बघितलं. नव्हता. त्या दिवशी शोभाच तेवढी येऊन गेली होती. तात्यांच्या भुवया चढल्या. चोर घरात शिरण्याआधी कुत्र्याला मारतो, हे त्यांनी एकतीस वर्षं पाहिलं होतं. विचारण्याची त्यांना सवय नव्हती. कल्पना स्वयंपाकाला लागली, तेव्हा त्यांनी ट्रंकेतून सीडी काढली आणि राखणदार पुन्हा बसवला.

लाल पाटी पुन्हा आली. शोभानं पुन्हा राखणदार काढला. तात्यांनी पुन्हा बसवला. असं एकंदर तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला शोभा कल्पनाला म्हणाली, "माझंच काम टिकंना झालंय. पैसे नकोत."

तात्यांनी ते ऐकलं आणि मनात म्हणाले, चोर आधी ओळख वाढवतो.

कारखान्याच्या वजनकाट्याजवळ चहाची एक टपरी होती. उसाच्या गाड्या रांगेत उभ्या राहत, आणि निवृत्त झालेली माणसं सकाळी तिथं बसत. तात्यांनी त्या सकाळी सात जणांसमोर तोंड उघडलं.

"लोहाराची पोर आपणच व्हायरस सोडती, आन् आपणच काढायला येती. आमचा राखणदार तिनं तीनदा मारला."

सातांत शाळेचे शितोळे हेडमास्तर होते. शाळेच्या दहा कॉम्प्युटरांची देखभाल एक तारखेपासून शोभाकडे द्यायचं ठरलं होतं.

सातांत दगडू पवारही होता. दगडू हा तात्यांच्या हाताखालचा जुना राखणदार. त्याचं डावं मनगट वाकडं होतं. ते चोळत दगडू म्हणाला, "तात्या, पुरावा हाय का?"

"एकतीस वर्षं चोर वळखल्यात मी. मला पुरावा मागतोस?"

तात्यांचा शब्द म्हणजे गेटाची पावती. कुणी दुसरा प्रश्न केला नाही.

आठ दिवसांत शोभाच्या दुकानात येणारी माणसं थांबली. दुरुस्तीला आलेले दोन कॉम्प्युटर लोक तसेच उघडे घेऊन गेले. हेडमास्तरांनी निरोप धाडला, सध्या राहू दे. शोभानं ऐकलं, कुणाशी भांडली नाही. महिनाअखेर दुकान बंद करून पुण्याला नोकरीला जायचं तिनं ठरवलं. म्हादू लोहार आजारी होता. त्याला मागं कोण बघणार, हे मात्र तिला ठरवता आलं नाही.

इकडे चौथ्यांदा लाल पाटी आली. या वेळी दहावीच्या सराव परीक्षेची प्रश्नपत्रिकाच उघडेना. कल्पना रडकुंडीला आली. ती शोभाच्या दुकानात गेली.

"वहिनी, तुमचे सासरे गावभर काय सांगत्यात, ऐकलं न्हाई का?"

"ऐकलंय. म्हणूनच आले. त्यांच्यादेखत बघ. मग तरी त्यांचं डोळं उघडतील."

शोभा आली. खुर्ची ओढली आणि म्हणाली, "तात्या, हिकडं बसा. माझ्या हाताकडं बघत ऱ्हावा."

तात्या ताठ बसले.

शोभानं पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यो एक राखणदार. माझा. आन् ह्यो दुसरा. दोघं चांगलं हायत. पण दोघास्नी एकमेकांची वळख न्हाई. ह्यो त्याला चोर समजतो, त्यो ह्याला. अंधारात दोघं एकमेकांच्या नरड्याला लागल्यात. भांडणात प्रश्नपत्रिका सापडली, तर तीबी कोंडून ठेवली. व्हायरस एकबी न्हाई. आजपतूर एकदाबी नव्हता."

"मग दुसरा येतो कुठनं?" कल्पनानं विचारलं. "घरात मी आन् तात्याच."

शोभानं पडद्यावरच्या तारखा बघितल्या. दर वेळी ती येऊन गेली, त्याच दिवशी संध्याकाळी दुसरा राखणदार आला होता. तिनं एकदा तात्यांकडे बघितलं. तात्यांची नजर जमिनीवर होती.

"आपोआप येत असंल, वहिनी," शोभा म्हणाली. "येतात तसे."

तिनं दुसरा राखणदार काढला, कोंडलेली प्रश्नपत्रिका मोकळी केली आणि ती निघून गेली. तिनं तात्यांना पळवाट दिली होती. तात्यांनी ती घेतली.

पण घेतलेली पळवाट माणसाला सुखानं बसू देत नाही. त्यांना जेवण जाईना. अंधारात दोघं, हे शोभाचे शब्द त्यांच्या डोक्यातून हलेनात. कारण तशी एक रात्र त्यांच्या आयुष्यात होऊन गेली होती.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तात्यांनी दगडूला गेटावर उभं केलं होतं. स्वतः गोदामाच्या मागं छुप्या पहाऱ्याला बसले. दगडूला ते माहीत नव्हतं. चाहूल लागली म्हणून दगडू गोदामाकडे आला. तात्यांनी चोर समजून काठी घातली. दगडूचं मनगट मोडलं. दवाखान्यात दगडूनं सांगितलं, बैलानं लाथ मारली. साहेबांनाही तेच सांगितलं. तात्यांच्या नोकरीला डाग लागला नाही. तात्यांनी ती रात्र मनाआड केली होती, नियम मात्र तसाच जपला होता.

दोन दिवसांनी तात्या सदऱ्याची सगळी बटणं लावून टपरीवर गेले. हातात सीडी होती. त्या दिवशीच्या सातांपैकी पाच जण आज हजर होते. तात्या बसले नाहीत.

"मी ह्याच जागी लोहाराच्या शोभाला चोर म्हणालो. ती चोर न्हाई. कॉम्प्युटर मी बिघडवला. ही सीडी मी घातली. चारदा घातली. तिनं चारदा काढली. तिला ठावं झालं तरी तिनं माझं नाव घेतलं न्हाई."

तात्यांनी सीडी सगळ्यांना दाखवली.

"आन् आणिक एक. दगडूचं मनगट बैलानं मोडलं न्हाई. मी मोडलं."

सगळे दगडूकडे बघू लागले. दगडूनं बशीतला चहा संपवला.

"वीस वरीस त्या बैलाला उगा बोल लागला," दगडू म्हणाला. "आता च्या पाजा, तात्या. दोन कप. एक बैलाचा."

लोक हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी दगडूला दोन कप चहा दिला, आणि पहिल्यांदाच त्याचं वाकडं मनगट आपल्या हातात घेतलं.

उरलेले दोघं त्या दिवशी टपरीवर आले नव्हते. तात्या पायी त्यांच्याकडे गेले. एकाचं घर मळ्यात होतं. त्याला बांधावर उभं राहून सगळं सांगितलं. दुसरे शितोळे हेडमास्तर. त्यांना शाळेच्या ओट्यावर गाठलं आणि तेच, त्याच शब्दांत सांगितलं. एक शब्द कमी केला नाही.

हेडमास्तर म्हणाले, "मला निरोप धाडता आला असता की, तात्या."

"ज्या गेटानं माल गेला, त्याच गेटानं परत आला पाहिजे, मास्तर."

हेडमास्तर म्हणाले, "चूक माझीबी हाय. ऐकून घेतलं, विचारलं न्हाई. सोमवारी शोभाला शाळेत बोलावतो. दहाच्या दहा कॉम्प्युटर तिच्याकडं."

मग तात्या एसटी स्टँडासमोरच्या दुकानात गेले. दुकानात निम्मं सामान खोक्यांत भरलेलं होतं. शोभा उरलेल्या वायरी गुंडाळत होती. दुकानाबाहेर एसटीची वाट बघणारी माणसं उभी होती. तात्यांनी आवाज खाली केला नाही.

"शोभा, राखणदार मी घातला. तुला माझा पहारा सांगितला न्हाई, आन् तुझ्यावरच आळ घातला. सात जणांपुढं बोललो होतो. सातांपुढं खोडून आलो. तू आठवी."

त्यांनी सीडी फळीवर ठेवली.

शोभानं ती उचलली, मोडली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग एक खोकं उघडलं, आतली हत्यारं काढून भिंतीवरच्या खिळ्यांना पुन्हा टांगली. कोपऱ्यातलं स्टूल पदरानं पुसून तात्यांपुढं सरकवलं.

तात्या बसले. देणं फिटलं होतं.

तात्पर्य: दुसऱ्याला चोर म्हणण्याआधी आपली झडती घ्यावी; आणि चारचौघांत घालवलेलं नाव चारचौघांतच परत करावं.