शेंदूर लागलेली लगोरी

फार वर्षांपूर्वी एका माळावर, निंबाखाली, सात चपट्या दगडांची लगोरी होती. चेंडू लागला की दगड खिदळत विखुरायचे आणि पोरं त्यांना पुन्हा एकावर एक रचायची.

एका संध्याकाळी डाव संपला, पोरं घरी गेली आणि लगोरी रचलेलीच राहिली. सकाळी शेळ्या घेऊन आलेल्या भागूमावशीला वाटलं, इथं कुणीतरी देव मांडलाय. तिनं शेंदूर लावला, फूल वाहिलं. मग सगळं गावच नारळ घेऊन येऊ लागलं.

"आता आपल्याला कुणी पाडणार नाही," वरचा दगड ऐटीत म्हणाला.

"हो," तळचा दगड म्हणाला, "कुणीच नाही."

पोरं आता नवे दगड घेऊन पलीकडे खेळायची. एकदा त्यांचा चिंध्यांचा चेंडू घरंगळत लगोरीजवळ आला. सातही दगडांनी श्वास रोखला. पूर्वी नेम धरून त्यांना पाडणारी वेणू धावत आली. तिनं चप्पल काढली, हात जोडले आणि चेंडू उचलून ती निघून गेली.

मग वरचा दगड हळूच म्हणाला, "गाव आपल्याला नवस बोलतं. आपण कुणाला बोलायचा?"