गंज कुणाचा?

विमा कंपनीच्या धामणस्कर साहेबांची एक ख्याती होती. त्यांनी तपासलेली गाडी अपघाताच्या आधीपासूनच मोडकी निघायची.

मनोहर कुडतरकरांची टॅक्सी घाटात कठड्यावर आदळली आणि ते जागीच गेले. गाडी ओढून अंगणात आणली, तेव्हा साहेबांनी मनोहरांच्या बायकोला, मालनला, मेसेज धाडला. 'मी तपासेपर्यंत गाडीला कुणीही हात लावायचा नाही.'

साहेब उगवले तोवर आषाढ आणि श्रावण त्या गाडीवर कोसळून गेले होते. त्यांनी दाराच्या पोच्यातून बोट फिरवलं आणि तांबडं झालेलं बोट मालनसमोर धरलं.

"गंज आहे, बाई. म्हणजे पोचा जुना. क्लेम बसत नाही."

"पावसात उभी होती, साहेब."

"मग झाकायची. घरात साधी ताडपत्री नव्हती?"

"आहे. पडवीत घडी करून ठेवलीय. पण ती टाकायची तर गाडीला हात लागला असता. तुमचा मेसेज अजून फोनमध्ये आहे." मालनचा आवाज चढला नाही. "तेव्हा दोन्ही लिहा. पोचा अपघाताचा, गंज तुमचा."

साहेब रुमालाने बोट पुसत राहिले. मग त्यांनी क्लेम मान्य असल्याचं लिहिलं.

"झालं तपासून?" मालनने विचारलं.

"झालं."

"मग आता हात लावू ना?"

तिने करकरणारं दार ओढून उघडलं, ब्रेकखाली अडकलेली नवऱ्याची चप्पल सोडवली आणि पदराने पुसली.