चव सांग

“…पण एकतीस वर्षं खाल्लेल्या आमटीची चव माणूस विसरतोच कसा, बाबा?”

विचारणारे प्रभाकरराव बोधनकर. पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. तरुणपणी बांधलेल्या धरणांच्या भिंतींची उंची त्यांना अजून तोंडपाठ होती, आणि ते ती लोकांना ऐकवतही असत. गेल्या माघात त्यांची पत्नी वारली.

ऐकणारा हमीदशा फकीर. ऐंशी ओलांडलेला. ओढ्याकाठी चिंचेखालच्या तकियात, म्हणजे फकिराच्या मठीत, एकटाच राही.

“कसली आमटी?” फकिराने विचारलं.

“सोल्यांची. तुरीच्या ओल्या दाण्यांची. हिवाळ्यात शशिकला एक दिवसाआड करायची.”

“मग?”

“यंदा बाजारात सोले आले. सुनेला करायला सांगितली. तशी झाली नाही. मेहुणीला मुद्दाम बोलावून घेतलं. तिचीही तशी नाही. मसाला बदलला, वाटण पाट्यावर वाटायला लावलं. पंधरा दिवस झाले, सून बिचारी रोज करते… आणि रोज मी ताट सारतो.”

“काय म्हणून सारतोस?”

“ही ती नाही म्हणून.”

“ती कशी होती?”



“तेच तर आठवत नाही.”

“मग ‘ही ती नाही’ असं सांगतं कोण?”

…

ओढ्यापलीकडे कुणीतरी बैल हाकत होतं.

“ठाऊक नाही,” प्रभाकरराव म्हणाले. “कदाचित सुनेची आमटी तीच असेल. पहिल्या दिवशीचीच.”

एवढ्यात गावातली रशीदाबी फकिराचं जेवण घेऊन आली. भाकरी, वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात. ताट ठेवून ती निघून गेली.

फकिराने ताट पाहुण्यापुढे सरकवलं.

“खा.”

“मी जेवायला आलो नाही, बाबा.”

“आणि मी जेवूनही उपयोग नाही. दोन वर्षांमागे मला ताप आला. ताप गेला, जाताना जिभेची चव घेऊन गेला. भाकरी खाल्ली काय अन् माती खाल्ली काय… तू खा. मला सांग.”

प्रभाकररावांनी एक घास घेतला.

“चांगलं आहे.”

“चांगलं आहे हे मला रशीदाबीच्या तोंडावरूनच कळलं. चव सांग.”

त्यांनी दुसरा घास घेतला. या वेळी सावकाश.

“वांगं निखाऱ्यावर भाजलंय.”

“कशावरून?”

“धूर लागतो… पण मागाहून. आधी लसूण येतो. कच्चाच ठेचलाय. जिभेच्या टोकाला चावतो.”

“पुढे.”

“पात गोडसर आहे. दाताखाली कुरकुरते.”

“भाकरी?”

“कडेला जरा करपली आहे… तिथे जास्त छान लागते.”

फकिराने डोळे मिटले होते. एकेका शब्दाबरोबर त्याचा बोळका जबडा हळूहळू हलत होता. तो पुढे सरकला. अगदी गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत.

“अजून सांग.” त्याच्या आवाजात तहानलेल्या माणसाची घाई होती. “तिखट आहे का? मीठ बरोबर पडलंय? कसं झालंय? सांग ना, कसं झालंय?”

प्रभाकररावांचा हात ताटातच थांबला.

“काय झालं?”

“ती विचारायची.”

“काय?”

“हेच. ‘कसं झालंय?’ मी पहिला घास घेतला की. रोज. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून.”

“मग तू काय सांगायचास?”

“मी पेपर वाचत असायचो.”

…

“मान वर न करता म्हणायचो, ‘बरंय.’ तरी ती लगेच आत जायची नाही, बाबा. थोडा वेळ उभी असायची. मला वाटायचं, आणखी वाढायला थांबली आहे.”

उजवा हात भरिताने माखलेला होता, म्हणून त्यांनी डाव्या बाहीने डोळे पुसले. ते पुन्हा भरून आले. फकिराने समजूत घातली नाही. नुसता बसून राहिला, गुडघ्याला गुडघा लावून.

“आता सांगता येईल मला,” शेवटी प्रभाकरराव म्हणाले. “मीठ किती, आंबट किती, फोडणी कशाची… सगळं सांगेन. पण ती…”

…

“बाबा, ती चव परत येईल?”

“नाही.”

ऊन चिंचेखाली शिरलं होतं. भाकरी गार झाली होती. प्रभाकररावांनी तिचा तुकडा मोडला, भरिताला लावला आणि तोंडात घातला. आता कुणी विचारत नव्हतं, तरी ते डोळे मिटून कितीतरी वेळ चावत राहिले. मग आणखी एक.

“भूक लागली आहे, बाबा,” ते नवलाने म्हणाले. “किती महिन्यांनी…”

त्यांनी पुढच्या घासासाठी हात नेला. फकिराने आपला सुरकुतलेला पंजा ताटावर पालथा घातला आणि ताट स्वतःकडे ओढून घेतलं.

“ऊठ आता. सुनेची आमटी झाली असेल. पोट भरून घरी जाऊ नकोस.”